वसईची तोंडली आणि दारचे गवत

यंदाच्या जूनमधल्या पहिल्या रविवारी सकाळी विरार गाडीत मला बसायला जागा मिळाली. एवढ्यावरूनच चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेल की, मी कामावर निघालो नव्हतो आणि येत नव्हतो. सगळी मुंबई त्या वेळी दक्षिणेकडे तोंड करून येते. मी उत्तरेकडे तोंड करून चाललो होतो. माझ्या पिशवीत एक जुने धोतराचे फडके, पाण्याची बाटली आणि कागदात गुंडाळलेला एक चाकू होता. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या चाकूच्या मुठीवर दोनदा येऊन गेली. शेवटी मीच म्हणालो, “वसईला चाललोय. तोंडलीच्या फांद्या आणायला.” गृहस्थांनी मान हलवली, पण भाईंदर येईपर्यंत त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता असे मला वाटत नाही.

भाजीवाल्याकडे पावकिलोने मिळणाऱ्या भाजीसाठी चौसष्ट वर्षांच्या माणसाने रविवारी पहाटे उठून वसईला का जावे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जरा लाजिरवाणे आहे. ते आधीच सांगून टाकतो.

१९७४ साली आम्ही उपनगरातल्या या इमारतीत राहायला आलो. आम्हाला तळमजला मिळाला, याचे वडिलांना वाईट वाटले आणि आईला आनंद झाला. तळमजला म्हणजे ओल, उंदीर आणि रस्त्यावरची धूळ, असे वडिलांचे म्हणणे. तळमजला म्हणजे माती, असे आईचे. तिचे माहेर वसईचे, निर्मळजवळच्या एका वाडीतले. त्या आषाढात ती माहेरी गेली आणि येताना ओल्या फडक्यात गुंडाळून तोंडलीच्या चार फांद्या घेऊन आली. मागच्या कुंपणाशी खड्डा खणून, त्यात शेणखत घालून तिने त्या लावल्या. वडिलांनी बांबूचा मांडव घातला. बांबू कुजले की नवे घालायचे, वेल जुनी झाली की तिचीच फांदी त्याच खड्ड्यात लावायची, अशी ती तोंडली पन्नास वर्षे आमच्या मागच्या दारी नांदली.

या पन्नास वर्षांत आमच्या इमारतीतल्या एकाही बिऱ्हाडाने तोंडली विकत घेतली नसतील. दोन दिवसांआड आई परातभर तोंडली काढी आणि मजल्यामजल्यावर वाटे. कोणाकडे त्याची काचऱ्यांची भाजी होई, कोणाकडे लोणचे. दुसऱ्या मजल्यावरच्या कारवारकडच्या बाई काजू घालून करीत. मुंजीचा-बारशाचा मसालेभात असला की तोंडली कोठून यायची हे ठरलेले असे. फक्त परीक्षेच्या दिवसांत वाटप थंडावे. तोंडली खाल्ली की मुलांची बुद्धी मंद होते, जीभ जड होते, अशी जुनी समजूत. आई ती हसण्यावारी नेई. पण माझ्या मॅट्रिकच्या वर्षी आमच्या ताटातली तोंडली मार्च महिन्यात आपोआप नाहीशी झाली होती, हे मला चांगले आठवते.

गेल्या वर्षी इमारतीला पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि सोसायटीने सुशोभीकरण करण्याचे ठरवले. आमचे चिटणीस तिसऱ्या मजल्यावरचे तरुण गृहस्थ आहेत. माणूस सज्जन आणि कामसू. गच्चीची गळती त्यांनीच थांबवली. सभेत त्यांनी मागच्या अंगणाचा प्रश्न अगदी नीट मांडला. मांडवाचे बांबू कुजतात. खाली पाचोळा साचतो, त्यात उंदीर होतात. पावसाळ्यात एकदा दिवड निघाली होती. जागा सर्वांची आहे, एका बिऱ्हाडाची नाही. त्याऐवजी तिथे शोभेचे गवत लावावे. त्याला पाणी कमी लागते, वर्षातून एकदा कापले की झाले. त्यांनी चित्रे दाखवली. जांभळ्या पात्यांचे झुपके आणि त्यांतून वाकून आलेले मऊ, तांबूस तुरे. बायकांनी “अय्या, किती छान” म्हटले. ज्या बायकांनी म्हटले, त्यांच्या घरी पन्नास वर्षे आमची तोंडली जात होती.

ठराव एकमताने मंजूर झाला. आता लाजिरवाणा भाग. सोसायटीचा अध्यक्ष मीच आहे. ठरावाखाली सही माझी आहे. आपल्याच घरच्या मांडवासाठी अध्यक्षाने भांडावे हे मला बरे दिसेना. निःपक्षपातीपणाची हौस ही अशी महागात पडते.

एप्रिलमध्ये आई पंधरा दिवस नाशिकला माझ्या बहिणीकडे गेली असताना कंत्राटदाराची माणसे आली. अर्ध्या तासात मांडव उतरला. पन्नास वर्षांची वेल कोयत्याच्या दोन घावांत तुटली आणि संध्याकाळपर्यंत तिथे काळ्या पिशव्यांतून आलेल्या गवताच्या साठ झुपक्यांच्या तीन ओळी उभ्या राहिल्या. आई परतली. मागचे दार उघडून उभी राहिली. तिचे वय सत्त्याऐंशी. डोळे अधू झाले आहेत, पण इतके नाहीत. “तोंडलीचं काय झालं रे?” तिने विचारले.

“छाटलीय,” मी म्हणालो. “पावसात फुटेल.”

ती काही बोलली नाही. मी मात्र त्या दिवसापासून पावसाला भिऊ लागलो.

आता त्या गवताविषयी. वाचकांना वाटेल की, मी त्याला नावे ठेवणार. मलाही तसेच वाटले होते. महिनाभर मी मागच्या दारी उभा राहून त्यात दोष शोधला आणि मला तो सापडला नाही. संध्याकाळचे ऊन तिरके आले की ते तुरे आतून दिवा लावल्यासारखे उजळतात. वाऱ्याची एवढीशी झुळूक आली तरी सगळी ओळ एकदम लवते आणि पुन्हा उभी राहते. पहिल्या मजल्यावरची छोटी मुलगी शाळेतून आली की गालावरून एक तुरा फिरवून मग जिना चढते. तोंडलीच्या मांडवाखाली ती कधी आली नव्हती; तिथे सुरवंट असतात असे तिला कोणी तरी सांगितले होते.

या गवताला इंग्रजीत फाउंटन ग्रास म्हणतात, म्हणजे कारंज्याचे गवत. आमचा माळी नगरकडचा आहे. त्याला हे नाव ठाऊक नाही. पहिल्याच दिवशी त्याने एक तुरा मुठीत धरून वरून खाली ओढला, तळहात उघडून पाहिला आणि म्हणाला, “साहेब, ही तर बाजरीच की. पण दाणा न्हाई धरत.”

मी हसलो, पण रात्री पुस्तक उघडून पाहिले, तर माळी बरोबर होता. बाजरी आणि हे गवत एकाच कुळीतली, सख्खी नव्हेत तरी चुलत भावंडे. दोघांचेही मूळ घर आफ्रिकेत. बाजरी तिथल्या कोरड्या मुलखात माणसाच्या हाती लागली आणि साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच हिंदुस्थानात येऊन पोचली. पुढे आमच्या देशावरच्या लोकांच्या भाकरीत जाऊन बसली. तिची ही चुलत बहीण रूपावर गेली आणि बागेत राहिली. त्यातून जांभळ्या पात्यांची जी जात बागांतून लावतात, तिला बी बहुधा धरतच नाही. म्हणून ती पेरून वाढवता येत नाही. झुपका खणायचा, त्याच्या मुळासकट फोडी करायच्या आणि एकेक फोड नव्या जागी लावायची. या हातातून त्या हातात, असाच तिचा प्रवास.

हे वाचले आणि मी चमकलो. कारण तोंडलीचेही तसेच आहे. भोपळा, काकडी, पडवळ, कारले ही तिची सगळी भावंडे बियांवर येतात. तोंडलीत मात्र नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. बी पेरले तर काय उगवेल याचा भरवसा नाही; निम्म्या वेली नुसत्या पांढऱ्या फुलांच्या निघायच्या आणि फळ धरणाऱ्यांतल्याही काही कडू. म्हणून शहाणा माणूस तोंडली पेरत नाही; चांगल्या फळणाऱ्या मादी वेलीची फांदी आणून लावतो. ती फांदी म्हणजे वेलीची लेक नव्हे, तीच वेल. आईने वसईहून आणलेली तोंडली आणि वसईच्या वाडीतली तोंडली या दोन वेली नव्हत्याच. एकच वेल दोन ठिकाणी राहत होती. आमच्याकडची गेली, तरी ती अजून वसईला असेल.

म्हणूनच मी पिशवीत चाकू घालून विरार गाडीत बसलो होतो.

भाईंदर सुटले की गाडी खाडीच्या पुलावर चढते. तिथे डब्यात शिरणारा वारा मी लहानपणापासून ओळखतो. खारट, थोडा चिखलाचा. मामाकडे जाताना या पुलावर आई आम्हाला पाण्यात टाकायला एकेक पैसा देई. दोन पुलांच्या मधले पाणजू बेट आले की आम्ही माना बाहेर काढत असू आणि ती आमच्या सदऱ्यांची टोके धरून ठेवी. तेव्हा खाडी ओलांडली की उजव्या-डाव्या हाताला मिठागरे दिसत, पांढऱ्या ढिगांची. आता नायगावपासूनच उंच इमारती सुरू होतात आणि वसई रोड स्टेशन कधी येते ते कळतही नाही.

वसईचे नाव काढले की शाळेत इतिहास शिकलेल्या माणसाला किल्ला आठवतो. १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेलेला हा मुलूख चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये घेतला, हे आम्हाला पाठ होते. पण मुंबईच्या चार पिढ्यांनी वसई ओळखली ती किल्ल्यावरून नव्हे, टोपलीवरून. १८६४ मध्ये लोहमार्ग मुंबईपर्यंत पोचला आणि वसईच्या वाड्यांना दार मिळाले. वेलची केळी, राजेळीची सुकवलेली सुकेळी, नागवेलीची पाने, दोडकी, वांगी, अळू, चाफा-मोगरा असे सगळे पहाटेच्या गाडीने मुंबईला येई. दादरच्या पुलाखाली टोपली घेऊन बसलेल्या वसईच्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना मी जास्त सांगायला नको. आमची मामी त्यांतलीच. तिची टोपली दुपारी रिकामी होई आणि परतताना तीत माझ्यासाठी हमखास एक पाव असे.

स्टेशनबाहेर रिक्षा केली. पहिली वीस मिनिटे मी एका शहरातून दुसऱ्या शहरात चाललो होतो. २००९ मध्ये इथे महानगरपालिका झाली, त्याच्या आधीपासूनच इमारतींनी वाड्यांना वेढायला सुरुवात केली होती. मग एका वळणावर, आता सगळेच संपले असे वाटत असताना, रस्ता अरुंद झाला. दोन्ही अंगांना दगडी गडगे आले, माडांच्या झावळ्या डोक्यावर भेटल्या आणि हवा एकदम थंड झाली. तलाव दिसला. निर्मळ आले. कार्तिकातल्या इथल्या जत्रेत मी एकदा हरवलो होतो आणि मामाने मला मिठाईच्या दुकानासमोर शोधून काढले होते. मी हरवलो नव्हतो, हे मी कोणाला सांगितले नाही.

मामा-मामी आता नाहीत. वाडी मामेभाऊ सांभाळतो. मी त्याला दादा म्हणतो. तो गडग्याशीच उभा होता, कमरेला पंचा, हातात कोयती. “फोन केलास तेव्हा वाटलं, आत्याचं काही झालं,” तो म्हणाला. “तोंडलीसाठी येतोस म्हटल्यावर जीव भांड्यात पडला.”

वाडी निम्मी राहिली आहे. पूर्वेचा भाग थोरल्या मामांच्या मुलांनी विकला. तिथे आता चार मजली इमारत आहे आणि तिची सावली दुपारी तीननंतर केळींवर पडते. उरलेल्या निम्म्यात विहीर आहे, केळी आहेत, अळू आहे आणि विहिरीच्या पाटाकडेला तोंडलीचा मांडव आहे. लहानपणी तो मला मंडपाएवढा वाटे. आता मान वाकवून शिरावे लागले.

आत हिरवा उजेड होता. पानाआड, बोटाएवढी, पांढऱ्या रेघांची तोंडली लोंबत होती. एक राहून गेलेले, पिकून लालभडक झालेले फळ बुलबुलाने अर्धे खाल्ले होते. आपल्या संस्कृत कवींना सुंदरीचे ओठ पाहून जे बिंबफळ आठवे, ते हेच. भाजी करणाऱ्या बाईला मात्र आत लाली दिसली की तोंडले टाकून द्यावेसे वाटते. कवीला पिकलेले हवे, गृहिणीला कोवळे. एकाच वेलीवर दोघांची सोय.

“आजीची वेल कुठली यातली?” मी विचारले.

दादा हसला. “सगळ्याच. आजीनं विहिरीशी लावलेली मेली त्याला चाळीस वर्षं झाली. पण हा सगळा मांडव तिच्याच फांद्यांचा. नवीन जातीची रोपं दिली होती एकानं, मोठं फळ धरणारी. लावली. पण आतून लवकर लाल होतात. परत आपल्या हीवर आलो.”

वहिनी चहा घेऊन आल्या. वाडीचे कसे चालले आहे, असे मी विचारले आणि मग दादा विहिरीच्या काठावर बसून बराच वेळ बोलला. एके काळी इथल्या विहिरींतले पाणी टँकर भरभरून शहराकडे जाई. विहिरी खाली गेल्या आणि खालून खारे पाणी वर आले. त्याविरुद्ध, आणि वाड्यांवर इमारती येऊ नयेत म्हणून, इथली माणसे रस्त्यावर उतरली होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्यांतले पुढचे नाव. २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राने त्यांना पाहिले. दादाने त्यांना मोर्चात पाहिले होते. २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा दादा दर्शनाला गेला होता. “काही वाचलं, काही गेलं,” एवढेच तो म्हणाला. “आता माझ्यापुढचा प्रश्न साधा आहे. तोंडली दोन दिवसांआड खुडायची. माणूस मिळत नाही. मिळाला तर त्याची मजुरी तोंडलीतून सुटत नाही. मुलगा बँकेत आहे. तो म्हणतो, बाबा, मांडव कशाला ठेवलाय?”

“मग कशाला ठेवलायस?”

दादाने उत्तर दिले नाही. उठला आणि मला घराच्या पुढच्या बाजूला घेऊन गेला. येताना मी मागच्या वाटेने आलो होतो, म्हणून पाहिले नव्हते. घराच्या पुढे, जिथे पूर्वी भात झोडपायचे खळे होते, तिथे दोन खोल्या नव्या बांधलेल्या होत्या. शनिवार-रविवारी मुंबईची माणसे येऊन राहतात. आणि त्या खोल्यांच्या दारापासून गडग्यापर्यंत दोन्ही बाजूंना काय असावे? जांभळ्या पात्यांचे, तांबूस तुऱ्यांचे तेच गवत!

माझा चेहरा पाहून वहिनींना वाटले की मला ते फार आवडले. “सूनबाईंनी लावलंय,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “लोक येतात ते आधी याच्यात उभे राहून फोटो काढतात. मग आत येतात.”

“आणि मग तोंडलीचा भात खातात,” दादा म्हणाला. “मांडवाखाली पाट मांडून. तू विचारलंस ना, मांडव कशाला ठेवलाय? दोन खोल्यांच्या पैशातून मजूर मिळतो. हे गवत तोंडलीला पोसतंय, असं समज.”

मी तिथेच पायरीवर बसलो. वसईला येताना माझ्या मनात एक सोपी गोष्ट तयार होती. एकीकडे कष्टाळू, पोट भरणारी, माहेरची तोंडली. दुसरीकडे नटवे, निरुपयोगी, परके गवत. गावाला जाऊन मूळ आणायचे आणि शहरातल्या दिखाऊपणाला धडा शिकवायचा. माझी ती गोष्ट दादाच्या अंगणात पार मोडली. आमच्या घरी ज्या गवताने तोंडली घालवली होती, त्याच गवताने इथे ती राखली होती. फरक गवतात नव्हता. दादाच्या घरी गवत लावताना मांडव कुठे राहील हे आधी ठरले होते. आमच्या सभेत ते कोणी विचारले नाही. आणि ते विचारण्याचे काम माझे होते.

दादाने मांडवाखाली जाऊन फळत्या वेली निवडल्या. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, चार-चार डोळ्यांच्या फांद्या तिरक्या कापल्या. माझा चाकू त्याने हातात घेऊन पाहिला आणि न बोलता परत दिला. कापल्या त्याने कोयतीनेच. “खालचा शेंडा वर करू नकोस,” त्याने बजावले. “डोळे वर बघतील असं लाव. आणि आत्याला सांग, विहिरीचं पाणी यंदा गोड आहे.” धोतराच्या ओल्या फडक्यात सहा फांद्या गुंडाळून मी निघालो. वहिनींनी पिशवीत दोन किलो तोंडली आणि एक केळफूल कोंबले.

परतीच्या गाडीत मला दूरच्या हवाई बेटांची आठवण झाली. पॅसिफिक महासागरातल्या या बेटांवर ही दोन्ही झाडे एकमेकांना भेटली आहेत, हे मी त्याच पुस्तकांच्या नादात वाचले होते. तिथे आपली तोंडली भाजी नाही, तण आहे. ती कुंपणावर चढते, विजेच्या खांबांवर चढते, झाडांवर पांघरूण घालून त्यांना उजेडाविना मारते. तिला आवरण्यासाठी १९९० च्या दशकात आफ्रिकेतून तिला खाणारे किडे मुद्दाम आणून सोडावे लागले. आणि हे कारंज्याचे गवत, त्याची ती साधी, बी धरणारी जात, शोभेसाठी म्हणूनच तिथे नेली गेली होती. आता कोरड्या लाव्हाच्या माळांवर ती पसरली आहे. उन्हाळ्यात पेटते, रानांत वणवे नेते आणि राखेतून सगळ्यांच्या आधी पुन्हा उगवते. युरोपनेही २०१७ मध्ये तिला उपद्रवी परक्या झाडांच्या यादीत घातले. म्हणजे एकीची कीर्ती पोट भरणारी, दुसरीची डोळे निववणारी. पण राखणाऱ्या माणसाचा हात सुटला की दोघीही सारख्याच. वेलीला मांडव लागतो, गवताला कडा लागते. त्या दोन्ही गोष्टी झाड स्वतः करत नाही.

घरी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आई जागीच होती. आता खोटे पुढे रेटायचे नाही, असे मी पुलावरच ठरवले होते. मी फडके तिच्या मांडीवर ठेवले आणि म्हणालो, “आई, तोंडली छाटली नव्हती. काढून टाकली. ठरावावर सही माझी होती.”

तिने फडके उलगडले. एकेक फांदी उचलून डोळ्यांजवळ नेली, नखाने किंचित खरवडून आतला हिरवा रंग पाहिला. “ठाऊक आहे,” ती म्हणाली. “छाटलेली वेल आणि उपटलेली वेल मला कळत नाही, असं वाटलं तुला? तू सांगशील म्हणून थांबले होते.” मग थोड्या वेळाने, “विहिरीचं पाणी कसं आहे?”

“गोड आहे म्हणाला दादा.”

“मग लागतील.”

त्या संध्याकाळी मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. चिटणिसांना सगळे सांगितले, सहीसकट. त्यांनी चष्मा काढून पुसला. “तुम्ही सभेत एक शब्द बोलला असतात तर,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुम्हालाच आता मांडवाचा त्रास होतोय.” इतके दिवस मी त्यांच्याविषयी मनात जे काही बोललो होतो, ते सगळे त्या एका वाक्यासरशी मला गिळावे लागले. पुढच्या रविवारी ते स्वतः खाली आले. गवताच्या तिसऱ्या ओळीतले पाच झुपके आम्ही खणून काढले. ते वाया गेले नाहीत, माळ्याने फोडी करून पुढच्या फाटकाशी लावले. त्या जागी दोन फूट खड्डा घेतला. बांबू पुन्हा कुजतील म्हणून चिटणिसांनी लोखंडी नळ्यांचा मांडव सुचवला आणि खाली पाचोळा साचू नये म्हणून फरशी. त्यांचे म्हणणे पटण्यासारखे होते; पहिल्या सभेतही ते होतेच. सहापैकी चार फांद्या जगल्या. तीन आठवड्यांनी डोळ्यांतून पोपटी कोंब आले आणि आईने खुर्ची मागच्या दारात हलवली.

वेल मांडवावर चढताना तिचे तणावे जे हाताला लागेल ते धरतात. श्रावणात एका तणाव्याने शेजारच्या गवताचा तुरा धरला. मी तो सोडवायला निघालो, तर आई म्हणाली, “असू दे. धरायला काही तरी लागतंच.” तुरा वाकला, पण मोडला नाही. वेल पुढे नळीवर गेली.

आश्विनात पहिली तोंडली धरली. नीट मोजली तर सात. सात तोंडल्यांत एका घराची भाजी होत नाही, मग आठ बिऱ्हाडांची कशी व्हावी? आईने त्यावर तोड काढली. वसुबारसेला तिने खुर्चीत बसून सातही तोंडली स्वतः चिरली, चिप्सासारखी पातळ, आणि मोठ्या पातेल्यात मसालेभात करायला लावला. प्रत्येक घरी वाटीभर गेला. ज्याच्या वाटीत तोंडल्याचा तुकडा आला तो आला. चिटणिसांच्या वाटीत तिने आठवणीने दोन घातले होते.

पहिल्या मजल्यावरची छोटी मुलगी रिकामी वाटी परत द्यायला आली. वाटी रिकामी परत करायची नाही, हे तिला तिच्या आजीने शिकवले असावे. तिने तीत मागच्या अंगणातला एक तांबूस तुरा आडवा ठेवला होता. आईने तो उचलला, गालावरून फिरवला आणि देवघराशेजारच्या तांब्यात उभा करून ठेवला.